प्रकल्प नोंदी: गाडीला नेमकं कुठलं ऑइल

४ जानेवारी, ओडो (मीटरवरचे किमी) ८७,४१०

गाडी घेऊन महिना झाला. सेकंडहँड, २०१२ चं मॉडेल, चार सिलिंडर पेट्रोल, टायमिंग चेनवाली, व्हीव्हीटी (व्हॉल्व उघडण्याची वेळ बदलणारी यंत्रणा) आहे, टर्बो नाही. चालायला छान आहे पण रात्रभर उभी राहिली की सकाळी पहिल्या स्टार्टला वरच्या बाजूने टकटकटक आवाज येतो, चारेक सेकंद, मग एकदम गप्प. नंतर दिवसभर कितीही वेळा बंद-चालू करा, काही नाही. म्हणजे ऑइल वर पोचायला वेळ लागतोय असंच दिसतंय, का लागतोय ते शोधायचंय.

आज बोनेट उघडून नीट बघताना रेडिएटरच्या वरच्या पट्टीवर आधीच्या सर्व्हिसचं स्टिकर सापडलं, अर्धं पुसलं गेलेलं, त्यावर बॉलपेनने ऑइलचा ग्रेड लिहिलाय, २०डब्ल्यू-५०. डिपस्टिक काढून पुसून परत घालून बघितली, लेव्हल वरच्या खुणेला, घेतली त्या दिवशी होती तिथेच. ऑइल काळं आहे, पण काळं म्हणजे खराब असं नसतं, त्यातलं डिस्पर्संट नावाचं रसायन काजळी धरून ठेवतं म्हणून काळं होतं, तेच तर त्याचं काम. बोटावर घेऊन बघितलं तर चांगलंच जाड, सावकाश ओघळतं.

ठरवलंय की घाईने कुठलातरी कॅन आणून ओतायचा नाही. आधी वाचायचं, मग एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि प्रत्येक बदलानंतर सकाळच्या स्टार्टचा आवाज फोनवर रेकॉर्ड करायचा, फोन त्याच जागी ठेवून, गाडी किमान दहा तास उभी असताना. आजचं पहिलं रेकॉर्डिंग: ४.२ सेकंद.

५ जानेवारी

मॅन्युअल गाडीतच होतं, पानं अजून एकमेकांना चिकटलेली, म्हणजे बारा-तेरा वर्षांत ते पान कोणी उघडलंच नाही. ऑइलचं पान अगदी शेवटी, टेक्निकल माहितीत. त्यात आहे: ५डब्ल्यू-३० सर्वात योग्य, नसेल तर १०डब्ल्यू-३०, एपीआय एसएम किंवा त्यावरचं, आयएलसॅक जीएफ-४, किंवा एसीईए ए३/बी४. (एपीआय, आयएलसॅक, एसीईए ही ऑइलच्या दर्जाची मानकं, शेवटचं युरोपचं.) फिल्टर बदलला तर ३.७ लिटर, नाही बदलला तर ३.५. २०डब्ल्यू-५० चा त्या तक्त्यात कुठेच पत्ता नाही.

आकड्यांचा अर्थ एकदा लिहून ठेवते म्हणजे परत शोधायला नको. डब्ल्यू म्हणजे विंटर, वेट नाही, हा घोळ मीही कितीतरी वर्षं केलाय. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंड ऑइल कसं वागतं ते सांगतो, ५डब्ल्यूची क्रँकिंगची टेस्ट उणे ३० डिग्रीला होते आणि २०डब्ल्यूची उणे १५ ला. नंतरचा आकडा १०० डिग्रीचा, म्हणजे इंजिन नीट तापल्यावरचा. ३० ग्रेड म्हणजे १०० डिग्रीला ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक (जाडीचं माप), ५० ग्रेड म्हणजे १६.३ ते २१.९. म्हणजे गाडीत सध्या जे आहे ते गरम झाल्यावरसुद्धा कंपनीने सांगितलेल्यापेक्षा दीडपटीच्या वर जाड आहे. आणि थंड असताना फरक अजून मोठा, कारण दोन-तीन कंपन्यांच्या डेटाशीटमध्ये बघितलं तर ४० डिग्रीला ५डब्ल्यू-३० साधारण ६०-७० च्या घरात असतं आणि २०डब्ल्यू-५० दीडशेच्या आसपास. आज सकाळी बाहेर १४ डिग्री होतं, तिथे हे अंतर आणखी वाढलेलं असणार.

९ जानेवारी

मामाचा फोन. त्याने आयुष्यभर गाड्या चालवल्यात, स्वतः उघडूनही दुरुस्त केल्यात, त्यामुळे त्याचं म्हणणं मी सहज सोडून देत नाही. तो म्हणाला, "अगं इंजिन जुनं झालं की आत फटी वाढतात, जाड ऑइल टाकलं की त्या भरतात, प्रेशरही चांगलं दाखवतं. पातळ टाकशील तर बेअरिंग खाऊन बसशील."

फोन ठेवल्यावर बराच वेळ ह्यावर विचार केला कारण त्यात अर्धं खरं आहे. घासलेल्या इंजिनात जाड ऑइलने प्रेशर वाढतं हे बरोबर. पण प्रेशर म्हणजे ऑइलला वाहताना होणारा अडथळा, जास्त प्रेशर म्हणजे जास्त ऑइल पोचतंय असं नाही. थंडीत जाड ऑइल असेल तर पंप जोर लावतो, प्रेशर मर्यादेच्या वर गेलं की रिलीफ व्हॉल्व उघडतो आणि बरंचसं ऑइल वर न जाता तिथल्या तिथे चेंबरकडे (खालच्या ऑइलच्या टाकीकडे) परत फिरतं. मामाच्या पहिल्या गाड्यांना वर हायड्रॉलिक काही नव्हतंच. माझ्या इंजिनात चेन ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या प्रेशरवर चालतो, व्हॉल्वची वेळ पुढे-मागे करणारा व्हीव्हीटीचा फेजर ऑइलवर फिरतो, त्याच्या व्हॉल्वच्या तोंडाला बारीक जाळी आहे, हे सगळं ३० ग्रेड धरून बनवलंय. आणि ८७ हजारांत इंजिन एवढं घासलं असेल ह्याची एकही खूण दिसत नाही, धूर नाही, ऑइलचा दिवा लुकलुकत नाही, ऑइल पीत नाही.

तरी मामाचा मुद्दा वहीत तसाच ठेवतेय, खोडलेला नाही.

११ जानेवारी

आज प्रयोग केला. एक लिटर २०डब्ल्यू-५० आणि एक लिटर ५डब्ल्यू-३० आणलं (जाड ऑइल मुद्दाम आणलं, पुढे लागणार आहे), दोन सारख्या काचेच्या बाटल्या निम्म्या भरल्या, बूच घट्ट लावलं आणि रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवल्या. फ्रीझर उणे १८ ला असतो. सकाळी दोन्ही एकदम बाहेर काढून टेबलावर आडव्या केल्या.

५डब्ल्यू-३० लगेच चाललं. जड झालेलं होतं पण पुढची कड गोलसर होऊन सरकत दोन-तीन सेकंदांत बुचापर्यंत आली. दुसऱ्या बाटलीत आधी काहीच नाही, बाटली आडवी आणि ऑइल अजून तळाशीच उभ्या भिंतीसारखं, मग त्या भिंतीला हळूहळू पोट आलं, पोट खाली बसलं आणि डिंकासारखी एक जाड जीभ पुढे यायला लागली. बुचापर्यंत पोचायला अर्ध्या मिनिटाहून जास्त. मी वाकून बाजूने बघत होते, मागे काचेवर ऑइलचा जाड थर तसाच चिकटून राहिलेला, तो खाली यायला अजून कितीतरी वेळ गेला.

१२ जानेवारी

कालच्या प्रयोगावर एक गोष्ट लिहायची राहिली, नाहीतर नंतर मीच चुकीचा अर्थ काढेन. बाटलीत ऑइल स्वतःच्या वजनाने वाहतं, इंजिनात पंप ते ओढतो आणि सरकणाऱ्या भागांमध्ये ते चेपलं जातं, दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत. त्यामुळे बाटली बघून ऑइल चांगलं की वाईट ते कळत नाही, फक्त डब्ल्यूच्या आधीचा आकडा म्हणजे काय ते डोळ्यांनी दिसतं, बस. शिवाय माझी गाडी उणे १८ मध्ये कधी उभी राहणार नाहीये.

१३ जानेवारी, ओडो ८७,५६०

फक्त फिल्टर बदलला. ऑइल मुद्दाम तेच ठेवलं. कारण सकाळच्या आवाजाचा दुसरा संशयित फिल्टर आहे, त्याच्या आत रबराची एक चकती असते, इंजिन बंद झालं की ती फिल्टरमधलं ऑइल परत चेंबरमध्ये उतरू देत नाही, आणि माझ्या इंजिनात फिल्टर आडवा बसतो त्यामुळे चकती कडक झाली तर रात्रीत फिल्टर रिकामा होणारच. दोन्ही एकदम बदललं असतं तर श्रेय कुणाचं ते कधीच कळलं नसतं.

जुना फिल्टर काढताना जेमतेम थोडंसं ऑइल सांडलं, भरलेला असता तर हात भरून निघाला असता. भोकांतून बोट घालून रबर दाबून बघितलं, प्लास्टिकसारखं कडक, दबतच नाही. नव्याचं रबर मऊ आहे. नव्या फिल्टरच्या गॅस्केटला बोटाने ऑइल लावून, हाताने टेकेपर्यंत फिरवून मग पाऊण फेरा, पाना लावला नाही. कमी झालेलं ऑइल आणलेल्या २०डब्ल्यू-५० मधूनच भरलं.

१६ जानेवारी

तीन सकाळींचे आकडे: २.६, २.३, २.५ सेकंद. म्हणजे जवळजवळ निम्मा आवाज फिल्टरचा होता. मी सगळा दोष ऑइलला देऊन मोकळी झाले असते, बरं झालं थांबले. उरलेले अडीच सेकंद ऑइलचे आहेत का ते आता कळेल.

१८ जानेवारी

कॅन वाचायला बसले. पुढच्या बाजूला जे मोठ्या अक्षरात असतं ते बहुतेक विकण्यासाठी, कामाचं सगळं मागे बारीक अक्षरात.

एपीआयचा गोल शिक्का आधी बघायचा. वरच्या अर्धगोलात एपीआय सर्व्हिस आणि अक्षरं, मधे ग्रेड. एस ने सुरू होतं ते पेट्रोलचं, सी ने सुरू होतं ते डिझेलचं. दुसरं अक्षर जितकं पुढचं तितकं नवं: एसएम २००४ चं, एसएन २०१०, एसपी २०२०, एसक्यू २०२५. मधे एसआय, एसके, एसओ हे नाहीतच, ते वगळलेत, त्यामुळे कुठल्या कॅनवर दिसले तर तो कॅन तिथेच ठेवायचा. पेट्रोलमध्ये नवं अक्षर जुन्याच्या जागी चालतं, म्हणून माझ्या मॅन्युअलमध्ये एसएम असलं तरी एसपी घ्यायला हरकत नाही, उलट त्यात चेनच्या झिजेची वेगळी टेस्ट आलीय, माझी गाडी चेनवालीच आहे. एसपीमधली दुसरी मोठी गोष्ट टर्बो डायरेक्ट इंजेक्शनवाल्यांसाठी, कमी आरपीएमला जोर लावल्यावर पेट्रोल वेळेआधीच पेटतं आणि त्याने पिस्टन फुटू शकतो, ऑइलमधलं कॅल्शियम त्याला मदत करतं म्हणून नव्या ऑइलमध्ये काही कॅल्शियमच्या जागी मॅग्नेशियम घेतात. माझ्या गाडीला ह्याचा उपयोग नाही पण टर्बोवाल्याने हे अक्षर अजिबात सोडू नये.

मग 'फुल्ली सिंथेटिक'. ह्या शब्दावर मी आत्तापर्यंत सगळ्यात जास्त विश्वास ठेवत आले आणि आता सगळ्यात कमी ठेवते. बेस ऑइलचे पाच ग्रुप असतात, चौथा पीएओ म्हणजे रसायनांपासून बनवलेलं, पाचव्यात एस्टर वगैरे, पण तिसऱ्या ग्रुपचं, म्हणजे कच्च्या तेलातूनच आलेलं पण हायड्रोजनने खूप शुद्ध केलेलं, तेही बऱ्याच ठिकाणी सिंथेटिक म्हणूनच विकलं जातं. तिसरा ग्रुप वाईट मुळीच नाही, चांगली ऑइलं त्यातून बनतात. फक्त तो शब्द बघून तुमच्या इंजिनाला ते चालेल की नाही ह्याचं उत्तर मिळत नाही, ते उत्तर ग्रेड आणि स्पेसिफिकेशनच देतं.

आणि एक शब्दांचा खेळ नीट बघायला हवा. युरोपियन गाड्यांना कंपनीचं स्वतःचं अप्रूव्हल लागतं, फोक्सवॅगनचं ५०४ ००/५०७ ००, मर्सिडीजचं २२९.५, बीएमडब्ल्यूचं लाँगलाइफ-०४ असं. कॅनवर 'अप्रूव्हड' लिहिलेलं असेल तर गाडीच्या कंपनीने तपासून मान्य केलंय. 'ह्या गाड्यांसाठी योग्य' किंवा 'ह्या गरजा पूर्ण करतं' असं असेल तर ते फक्त ऑइलवाला म्हणतोय. दोन्ही ओळी एकाच कॅनवर खाली-वर असतात आणि घाईत सारख्याच वाटतात.

२० जानेवारी

मामाला कॅन वाचनाबद्दल सांगत होते तर त्याने सहज सांगितलं की त्याच्या नव्या डिझेलमध्येही तो जुन्या गाडीचंच ऑइल टाकतो, ए३/बी४ लिहिलेलं. मी म्हटलं, "मामा, तुझ्या गाडीला डीपीएफ आहे ना? मॅन्युअल उघड आधी, मी फोनवर थांबते." त्याने पान शोधलं, एसीईए सी३ निघालं, म्हणजे कमी राखेचं ऑइल.

हे महत्त्वाचं आहे म्हणून लिहितेय. डीपीएफ म्हणजे डिझेलच्या धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, त्यात काजळी साठते आणि ठराविक वेळाने जळून जाते. पण ऑइलमधल्या धातूच्या ॲडिटिव्हची राख जळत नाही, ती तिथेच बसते आणि फिल्टर कायमचा भरत जातो. सी३ ऑइलमध्ये ही राख ०.८ टक्क्यांपर्यंतच चालते, ए३/बी४ मध्ये जवळजवळ दुप्पट. इथे 'वरचं घेतलं की खालचं आलंच' हा एपीआयचा हिशेब लागू होत नाही, हे वेगवेगळे रस्ते आहेत. मामा थोडा वेळ गप्प होता, मग म्हणाला पुढच्या चेंजपर्यंत कशाला थांबू, ह्याच आठवड्यात बदलतो.

तसंच कोणी बाईकमध्ये कारचं ऑइल टाकत असेल तर नका टाकू. बाईकचा क्लच बहुतेक वेळा त्याच ऑइलमध्ये बुडलेला असतो आणि कारच्या ऑइलमधल्या फ्रिक्शन मॉडिफायरने तो घसरू शकतो, त्याला जासो एमए (बाईकच्या ऑइलचं जपानी मानक) लिहिलेलंच हवं.

२५ जानेवारी, ओडो ८७,७६०

ठरलं: ५डब्ल्यू-३०, एपीआय एसपी, आयएलसॅक जीएफ-६ए, कॅनवर गोल शिक्का आणि स्टारबर्स्ट (आयएलसॅकचं चिन्ह) दोन्ही आहेत.

गाडी आधी दहा मिनिटं फिरवून आणली, ऑइल कोमट झालं की घाण बरोबर घेऊन उतरतं. जॅक लावून स्टँडवर घेतली, नुसत्या जॅकवर गाडीखाली जायचं नाही हा नियम मोडायचाच नाही. ड्रेन नट सैल केल्यावर ऑइलची काळी धार पडली, थोड्या वेळाने बारीक झाली, मग थेंब, थेंब पूर्ण थांबेपर्यंत अर्धा तास थांबले कारण जाड ऑइल भिंतींवरून उतरतच नव्हतं, फ्रीझरमधली बाटली आठवली. नटच्या चुंबकावर बारीक राखाडी लेप होता, बोटांत चोळल्यावर मऊ, कण लागला नाही, म्हणजे नेहमीची झीज. वॉशर नवा टाकला. फिल्टर १२ दिवसांचाच आहे म्हणून तोच ठेवला, म्हणजे आज फक्त ऑइल बदललं. ३.५ लिटर एकदम न ओतता आधी ३.२, मग डिपस्टिक बघत बघत वर.

२८ जानेवारी

तीन सकाळी: ०.८, ०.६, ०.७. दुसरं रेकॉर्डिंग मी तीनदा ऐकलं, टक असा एक आवाज आणि संपलं. किती बरं वाटलं ते लिहून कळणार नाही.

मामाला रेकॉर्डिंग पाठवलं. त्याचं उत्तर: "छान. आता लेव्हल बघत राहा."

२२ मार्च, ओडो ८९,२६०

आवाज तसाच कमी आहे, पण मामाने सांगितलेली गोष्ट खरी निघाली. १५०० किमीत लेव्हल खाली आलीय, वरच्या खुणेपासून साधारण एक तृतीयांश, म्हणजे ३०० मिली (माझ्या डिपस्टिकवर दोन खुणांमध्ये एक लिटर आहे). मॅन्युअलनुसार १००० किमीला एक लिटरपर्यंत चालतं त्यामुळे घाबरण्यासारखं नाही, खाली गळतीही नाही, पण २०डब्ल्यू-५० वर गाडी घेतल्यापासून लेव्हल हललीच नव्हती. व्हॉल्व सील किंवा रिंग थोड्या सैल असणार, जाड ऑइल ते झाकून ठेवत होतं. ९ जानेवारीची नोंद खोडली नाही ते बरं केलं.

मग परत जाड ऑइल? नाही. मॅन्युअलचं ते पान परत उघडलं आणि ह्या वेळी शब्द न् शब्द वाचला, तर ५ तारखेला मी स्वतः उतरवून घेतलेले त्या ओळीतले शेवटचे तीन शब्द डोळ्यात भरले, "किंवा एसीईए ए३/बी४". ही 'किंवा' मी नुसती लिहून पुढे गेले होते.

सगळी ५डब्ल्यू-३० सारखी नसतात हे मला आज नीट समजलं. १५० डिग्रीला, दोन भागांमध्ये जोरात चेपलं जात असताना ऑइल किती जाड राहतं त्याला एचटीएचएस म्हणतात, बेअरिंगमध्ये आणि रिंगपाशी तेच लागतं. ३० ग्रेडला किमान २.९ पुरतं आणि पेट्रोल वाचवणारी आयएलसॅकवाली ऑइलं सहसा त्याच्या आसपास असतात. ए३/बी४ ला किमान ३.५ लागतं, मग कॅनवर ५डब्ल्यू-३० लिहिलेलं असलं तरीही. दुसरं, उडून जाणं. ऑइल २५० डिग्रीला तासभर तापवून किती टक्के उडालं ते मोजतात, त्याला नोआक म्हणतात, आयएलसॅकला १५ टक्क्यांपर्यंत चालतं, ए३/बी४ ला १३. म्हणजे थंडीत तेवढंच पातळ, पण तापल्यावर ऑइलचा थर जाड आणि उडतंही कमी. माझ्या गाडीला डीपीएफ नाही त्यामुळे राखेची ती अडचण नाही, मॅन्युअलमध्ये नावासकट लिहिलेलं आहे त्यामुळे माझं डोकं चालवण्याचाही प्रश्न नाही.

२९ मार्च

चार डेटाशीट समोर घेऊन बसले. चारही ५डब्ल्यू-३०. दोनांवर ए३/बी४ नाही, ती बाजूला. उरलेल्या दोनांत एकाने एचटीएचएस ३.५ दिलंय आणि नोआकचा रकानाच नाही, दुसऱ्याने ३.६ आणि ९ टक्के. दुसरं घेतलं. शंभर डिग्रीची व्हिस्कॉसिटी १२ च्या जरा वर, म्हणजे ३० ग्रेडच्या अगदी वरच्या टोकाला, अपेक्षित होतंच.

५ एप्रिल, ओडो ८९,५१०

नव्या ऑइलने ३०० मिली टॉप-अप केलं. दोन वेगळी ऑइलं मिसळण्याची भीती वाटत होती पण एपीआयचा परवाना मिळालेली ऑइलं एकमेकांत मिसळता आली पाहिजेत ही टेस्टमधलीच अट आहे, त्यामुळे टॉप-अपला काही होत नाही, फक्त मिश्रणात दोघांचे पूर्ण गुण मिळतील अशी आशा ठेवायची नाही. पूर्ण चेंज ठरलेल्या किलोमीटरलाच करणार, चांगलं ऑइल अर्ध्यात काढून फेकायचं नाहीये. जुनं २०डब्ल्यू-५० कॅनमध्ये बंद करून ठेवलंय, रिसायकलिंगला देणार, गटारात किंवा मातीत एक थेंब नाही.

सकाळचा आवाज: ०.७.

बोनेटखालचं जुनं स्टिकर काढलं, जागा पुसून नवं लावलं, पुढच्या चेंजला काय टाकायचं ते: ५डब्ल्यू-३०, ए३/बी४, ३.७ लिटर, शेवटचा चेंज ८७,७६०. खाली अजून एक ओळ लिहिली, मॅन्युअलचा पान नंबर. पुढची लेव्हल ९०,५०० ला बघायची.